एक वही, दहा जुज: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी: ठरवाठरव

काम एकच: हाताने शिवलेली, कापडी पुठ्ठ्याची, ए-५ मापाची १६० पृष्ठांची कोरी वही. जुजबंदी, म्हणजे चार-चार तावांचे घडी घातलेले गठ्ठे एकमेकांना शिवून बांधायचे. चार ताव एकात एक घातले की आठ पाने, सोळा पृष्ठे. असे दहा जुज.

साहित्य: ए-३ मापाचा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद, २० ताव. अस्तरासाठी, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवायला, १२० जीएसएमचे दोन ताव. २ मिमी जाडीचा राखाडी पुठ्ठा. मागून कागद लावलेले बांधणीचे कापड. १५ मिमी रुंदीची सुती पट्टी. ०.४ मिमी जाडीचा पीळदार दोरा, शक्यतो जवसाचा म्हणजे लिननचा. मधमाशीच्या मेणाचा तुकडा. गव्हाचे सत्त्व, पीव्हीए जातीचा पांढरा गोंद. हत्यारे: टोचा, बोथट टोकाची सुई, धातूची पट्टी, कटर, गुण्या, घडी दाबायला हाडाची किंवा गुळगुळीत लाकडाची पट्टी, दोन सपाट फळ्या आणि पाच-सहा किलो वजन.

मापे आणि रंग आजच पक्के केले. कापड गडद निळे, दोरा पांढरा, नक्षी नाही. काम सुरू झाल्यावर यातले काही बदलायचे नाही, हा या प्रकल्पाचा नियम.

मराठीत छंद या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आवडीने केलेले काम, दुसरा पद्याची बांधणी. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. एवढ्या बंधनात किती वेगवेगळे अभंग लिहिले गेले! माप ठरलेले असल्यामुळे लिहिणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दावर राहते. हातकामाचेही तसेच होते का, ते या दहा जुजांवर पाहायचे आहे. ‘काय करू’ हा प्रश्न आज संपवला, आता फक्त ‘कसे’ उरले.

७ जानेवारी: कागदाची दिशा

आजचा पूर्ण वेळ ग्रेनवर, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेवर गेला. पहिल्या वह्या बिघडतात त्या बहुतेक इथे, आणि बिघाड दिसतो तो शेवटी, पुठ्ठा लागल्यावर.

यंत्रावर कागद बनताना लगदा जाळीवर वाहत येतो आणि बहुतेक तंतू त्या वाहाच्या दिशेने वळतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि सुकताना त्याच दिशेने आखडतो. वहीत ग्रेन कण्याला समांतर हवा. तो आडवा असला तर खळ लागल्यावर कण्यालगत सुरकुत्या येतात, पाने उघडल्यावर पडून न राहता पंख्यासारखी उभी राहतात आणि घडीवर कागद तडकतो.

ओळखण्याच्या तीन रीती. ताव न मोडता हलकेच दुमडून तळहाताने दाबायचा, मग दुसऱ्या बाजूने तसेच. ज्या दिशेला कमी विरोध होतो, ती वळणरेषा ग्रेनला समांतर. दुसरी: एकाच तावातून १५ मिमी × १५० मिमीच्या दोन पट्ट्या, एक उभी एक आडवी कापायच्या, एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरायच्या. जास्त लवते तिच्यात ग्रेन आडवा. एकदा वरची खाली करूनही बघावे, कारण ताठ पट्टी खाली असेल तर ती दुसरीला उचलून धरते आणि फरक कळत नाही. तिसरी सगळ्यात स्पष्ट: कोपऱ्याचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करायचा. तो नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी म्हणजेच ग्रेनची दिशा.

ए-४ कागद साधारणपणे उभ्या ग्रेनचा, म्हणजे २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतो. तो मधोमध दुमडून ए-५ केला की घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर पडते आणि ग्रेन तिला आडवा जातो. नेहमीचा ए-४ घेऊन केलेल्या वह्या पंखा होतात त्या यामुळे. उपाय दोन. ए-४ आधी मधोमध कापायचा, मग तो अर्धा दुमडून ए-६ची छोटी वही करायची. तिथे ग्रेन बरोबर येतो. नाहीतर उभ्या ग्रेनचा ए-३ घ्यायचा आणि ४२० मिमीची बाजू मधोमध, २१० वर कापायची. इथे दुसरा मार्ग घेतला. गठ्ठ्यातले वरचे, मधले आणि तळाचे असे तीन ताव तपासले. तिघांचा ग्रेन ४२० मिमीच्या बाजूने.

वजनावरूनही एक तपासणी होते. ए-० तावाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, ए-४ त्याचा सोळावा भाग. म्हणजे ८० जीएसएमच्या ए-४चे वजन बरोबर ५ ग्रॅम. कापलेले ४० ताव २०० ग्रॅम भरायला हवेत. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर २०१ आले. मोजणीत ताव कमी-जास्त झालेला नाही.

पुठ्ठ्याचा ग्रेनही आजच पाहून पेन्सिलीने बाण काढून ठेवला. २ मिमी पुठ्ठा हाताने वाकवला की लगेच कळतो. अस्तर, कापड, पुठ्ठा, पाने: सगळ्यांचे बाण वरून खाली.

सामग्रीला स्वतःची इच्छा असते असे कारागीर म्हणतात, त्याचा अर्थ इतका साधा आहे. कागद कुठे वाकणार हे तो बनला त्या दिवशीच ठरले. आपली कल्पना कितीही चांगली असो, ती त्या दिशेने बसवावी लागते. विचारून घ्यायला पाच मिनिटे लागतात.

९ जानेवारी: घड्या

ए-३ कापताना एका वेळी पाचच ताव. जास्त घेतले की पाते खाली जाताना बाहेर झुकते आणि तळचा ताव वरच्यापेक्षा मिलिमीटरभर मोठा निघतो. पट्टी राखायच्या भागावर ठेवायची, म्हणजे पाते घसरलेच तर टाकाऊ बाजूला जाते. जोर कमी, फेऱ्या जास्त. पात्याचे टोक प्रत्येक गठ्ठ्यानंतर मोडून नवे केले. बोथट पाते कागद कापत नाही, ओढते.

घडी प्रत्येक तावाला वेगळी घातली, मग चार एकात एक बसवून पुन्हा दाबली. चारही ताव एकदम दुमडले तर आतल्या तावाला घडीच्या टोकाशी बारीक चुण्या पडतात. हाडाची पट्टी मधून बाहेर, दोन्ही बाजूंना एकेकदाच ओढायची. उगाच घासले तर कागदावर चकाकी चढते आणि ती जात नाही. वर फालतू कागद ठेवून दाबले की हा प्रश्नच येत नाही.

एकात एक बसवलेले आतले ताव समोरच्या कडेने थोडे बाहेर येतात, चार तावांत साधारण अर्धा मिलिमीटर. पूर्ण वही शिवून झाल्यावर ८० पाने घरच्या कटरने सरळ कापणे अवघड, म्हणून प्रत्येक जुजाची समोरची कड आत्ताच १४५ मिमीवर छाटून घेतली. वरखालची कड तशीच ठेवली. उंची २१०, रुंदी १४५.

पहिल्या जुजाला नवेपणाची मजा असते, शेवटच्याला संपल्याची. चौथ्या-पाचव्याला काहीच नसते. छंद सुटतात ते बहुतेक या टप्प्यावर, आणि सोडणारा म्हणतो आवड कमी झाली. खरे तर इथपर्यंत आवडीने काम ओढले होते, आता ते हाताकडे जायची वेळ आलेली असते. सहाव्या जुजापासून घड्या जास्त सारख्या पडल्या आहेत, ढीग बाजूने पाहिला तर स्पष्ट दिसते.

दहाही जुज दोन फळ्यांमध्ये, वर सहा किलो, रात्रभर.

११ जानेवारी: भोके

आधी नमुना-कागद: २१० × ५० मिमीची पट्टी उभी दुमडून तिच्या घडीवर खुणा. वरून १५, ५५, ७०, १४०, १५५ आणि १९० मिमी. ५५–७० आणि १४०–१५५ या जोड्यांमधून सुती पट्ट्या जातील. १५ आणि १९० ही कडेच्या गाठींची जागा.

खालचे भोक १९५ वर न घेता १९० वर घेतले ते मुद्दाम. १९५ वर घेतले असते तर नमुना दोन्ही बाजूंनी सारखा झाला असता आणि एखादा जुज उलटा शिवला गेला तरी कळले नसते. आता उलटा जुज ठेवला की कडेची भोके ५ मिमी सरकलेली दिसतात. कोऱ्या वहीत उलटसुलट असे काही नसते हे खरे, पण भोके जुळली नाहीत तर दोरा तिरका जातो आणि कणा पिळवटतो.

पुठ्ठ्याचा तुकडा मधोमध दुमडून इंग्रजी व्हीसारखी पन्हळ केली. त्यात जुज उघडा ठेवायचा, घडीत नमुना-कागद बसवायचा आणि टोचा आतून बाहेर, दोन्ही पानांच्या बरोबर मधल्या कोनात घालायचा. टोचा तिरका गेला तर भोक घडीवर न पडता पानावर पडते, आणि शिवताना तिथूनच कागद फाटतो. टोच्याचे फक्त टोक जाऊ द्यायचे, भोक सुईपेक्षा किंचित लहान हवे. मोठ्या भोकातून कण्याचा गोंद आत झिरपतो आणि वहीच्या मध्यात दोन पाने चिकटतात.

दहा जुज, साठ भोके, वीस मिनिटे.

१२ जानेवारी: शिवण, जुज १ ते ५

दोऱ्याची लांबी: दोन कडेच्या भोकांमधले अंतर गुणिले जुज, अधिक ३५ सेंमी. १७५ मिमी × १० म्हणजे १७५ सेंमी, एकूण २१० सेंमी. एवढा दोरा एकदम घेतला तर गुंततो आणि प्रत्येक भोकातून ओढला जाऊन झिजतो. म्हणून आधी थोडा कमी घेतला, उरलेला नंतर विणकर गाठीने जोडायचा. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घेतला. मेणाने दोऱ्याची लव बसते आणि ओढलेला ताण जागच्या जागी राहतो. जास्त मेण भोकाशी साचते, म्हणून नंतर दोरा कागदाच्या तुकड्यातून एकदा निपटून काढायचा.

पट्ट्या ७० मिमी लांबीच्या, मेजाच्या कडेला चिकटपट्टीने उभ्या लावल्या. पहिला जुज कडेला ठेवून १५च्या भोकातून सुई आत, दहा सेंमी शेपूट बाहेर. ५५ला बाहेर, पट्टीवरून, ७०ला आत, १४०ला बाहेर, पट्टीवरून, १५५ला आत, १९०ला बाहेर. दुसरा जुज वर ठेवून तसेच उलट दिशेने. शेवटी पहिल्या शेपटाशी दुहेरी गाठ. तिसऱ्या जुजापासून कडेला आल्यावर सुई खालच्या दोन जुजांच्या मधून घालायची आणि तयार झालेल्या फासातून वर काढायची. ही कडेची गाठ. पट्ट्या जुजांना अंगाशी धरतात, पण वरखालची टोके एकमेकांना बांधते ती ही गाठच.

सगळे कौशल्य ताणात आहे. दोरा नेहमी कण्याला समांतर, शिवत आहोत त्याच दिशेने ओढायचा. आपल्याकडे, म्हणजे कण्याला काटकोनात ओढला तर तो करवतीसारखा घडी चिरत जातो. चौथ्या जुजात हेच झाले. ७०च्या भोकापासून ८ मिमी फाटले, आतल्या दोन तावांना.

दुरुस्ती: शिवण त्या जुजापुरती उसवली. पातळ, लांब तंतूंच्या कागदाची १२ मिमी रुंद, ४० मिमी लांब पट्टी खळीने घडीवर लावली. लावायच्या कागदाची कड कापलेली नको. पाण्याची रेघ ओढून ती फाडून घ्यायची, म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि जोडाला धार येत नाही. वर मेणकागद ठेवून दोन तास वजनाखाली, मग त्याच जागी नवे भोक.

तो जुज टाकून नवा घेता आला असता, चार तावच गेले असते. तरी दुरुस्ती केली, कारण लिहून भरलेली वही दहा वर्षांनी तिथेच फाटली तर ती टाकून नवी घेता येणार नाही. दुरुस्ती कोऱ्या कागदावर शिकायची. घडीत बोट फिरवले की तो भाग किंचित जाड लागतो, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

१३ जानेवारी: शिवण, जुज ६ ते १०

दोरा सातव्या जुजाच्या आत जोडला. गाठ आतल्या बाजूलाच हवी. कण्यावर आली तर गोंद लावल्यावर तिचा उंचवटा राहतो.

आज कामात बोलणे नव्हते, लक्ष इकडेतिकडे गेले नाही. नाद या शब्दालाही छंदासारखेच दोन अर्थ आहेत: आवाज आणि वेड. भोकातून दोरा नीट ताणाने गेला की बारीक ‘सर्र’ आवाज येतो. सैल गेला की येत नाही, जास्त ताणला तर कागद कुरकुरतो. आठव्या जुजापर्यंत बघण्याची गरज कमी झाली, कान सांगत होते. ही जाण वाचून येत नाही, वेगात काम करूनही येत नाही. ती सारख्याच कृतीच्या आवृत्तीतून येते, कृती दर वेळी बदलत राहिली तर तिला बसायला जागाच नसते.

शिवून झाल्यावर मापे: समोरची कड ८ मिमी, कणा ११. हा फरक दोऱ्याचा. प्रत्येक जुजाच्या घडीत एक दोरा बसतो, त्यामुळे कणा फुगतो. दोरा याहून जाड घेतला असता तर फुगवटा वाढून वहीला पाचरीचा आकार आला असता. फारच बारीक घेतला तर तो कागद चिरतो. कणा फळीवर ठोकून सरळ केला, वजनाखाली ठेवून १० मिमीवर आणला.

१४ जानेवारी: खळ

एक भाग गव्हाचे सत्त्व, पाच भाग पाणी, मापाने. आधी एक भाग थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचे आणि अर्धा तास भिजू द्यायचे. मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर, सतत ढवळत. ६० अंशांच्या पुढे मिश्रण एकदम घट्ट होते. बरेच जण इथेच उतरवतात आणि खळ कच्ची राहते. ती लावताना छान वाटते पण सुकल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत, आणखी १५ मिनिटे शिजवायची. झाकून थंड करायची, बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायची, लागेल तसे पाणी घालून दाट सायीइतकी पातळ करायची.

पिठाची खळही चालते, पण पिठात प्रथिने असल्यामुळे ती पिवळसर पडते आणि किडे, बुरशी यांना जास्त आवडते. सत्त्वाची खळही तीन-चार दिवसांतच वापरावी. पाणी सुटले किंवा आंबट वास आला की टाकून द्यावी.

खळ आणि पांढरा गोंद यांचे स्वभाव वेगळे आहेत. गोंद काही मिनिटांत धरतो, लवचीक राहतो, पण एकदा धरला की सुटत नाही. खळ सावकाश सुकते, तोवर कागद सरकवता येतो, आणि वर्षांनंतरही ओल देऊन जोड उघडता येतो. कण्याला लवचीकपणा हवा म्हणून तिथे गोंद. अस्तर चिकटवताना चूक सुधारायला वेळ हवा म्हणून तिथे खळ. कापडासाठी दोन्ही समान मिसळून. जिथे चुकण्याचा संभव जास्त, तिथे उलटवता येणारे साधन वापरावे.

१५ जानेवारी: कणा

अस्तराचे दोन ताव दुमडून, घडीलगत ३ मिमी पट्ट्यात गोंद लावून पहिल्या आणि शेवटच्या जुजाला चिकटवले. ३ मिमी साठी दोन फालतू कागदांच्या मध्ये फट ठेवायची आणि तिच्यावरून कुंचला फिरवायचा.

कण्यावर गोंदाचा पातळ थर, बोटाने जुजांच्या खाचांत दाबून. वरून जाळीदार सुती कापड, कण्याच्या वरखाली १५ मिमी सोडून आणि दोन्ही बाजूंना २५ मिमी बाहेर. त्यावर तपकिरी कागदाची १० मिमी पट्टी, हिचाही ग्रेन उभा. गोंद ओला असतानाच गुण्या लावून गठ्ठा काटकोनात आहे ना ते पाहावे. दहा मिनिटांनंतर जो आकार असेल तो कायमचा.

१७ जानेवारी: पुठ्ठे

गठ्ठा २१० × १४५. पुठ्ठा वरखाली ३-३ मिमी बाहेर हवा, म्हणून उंची २१६. रुंदी गठ्ठ्यापेक्षा ३ मिमी कमी, १४२; कण्यापाशी बिजागरीची फट सोडल्यामुळे पुठ्ठा पुढे सरकतो आणि समोरही ३ मिमीच बाहेर येतो. कण्याची पट्टी: १० अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी ४, म्हणजे १४ × २१६. फट ७ मिमी. फट ५ केली तर वही उघडताना पहिले पान ओढले जाते, १० केली तर गठ्ठा आवरणात लोंबकळतो.

कापड: १४२ + ७ + १४ + ७ + १४२ = ३१२, दोन्ही बाजूंना १५ दुमडायला, म्हणजे ३४२ × २४६.

२ मिमी पुठ्ठ्याला कटरच्या सात-आठ फेऱ्या लागतात. पहिल्या दोन अगदी हलक्या, फक्त चर पाडण्यापुरत्या.

१८ जानेवारी: कापड चढवणे

मिश्रण कापडाला न लावता पुठ्ठ्याला लावले. मागे कागद असलेले कापडही भिजले की पसरते आणि खुणा सरकतात. बांधणीसाठी न बनलेले साधे कापड वापरले तर गोंद विणीतून वर येऊन डाग पडतो. तसे वापरायचेच असेल तर आधी खळीने मागे पातळ कागद लावून एक दिवस सुकवावे.

कोपरे ४५ अंशांत कापले, पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिमी सोडून, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट. याहून जवळ कापले तर टोकाला पुठ्ठा उघडा पडतो, लांब कापले तर कोपऱ्यात गाठोडे होते. आधी वरखालच्या बाजू दुमडायच्या, मग टोकाशी उरलेले चिमूटभर कापड नखाने आत दाबायचे, मग उभ्या बाजू. तिसरा कोपरा सर्वांत चांगला उतरला. चौथ्यात घाई झाली, घडी किंचित तिरकी आहे. ओले असताना उचलून सुधारता आली असती, पण कापडाची कड विसविशीत झाली असती. तशीच राहिली.

चूक सुधारायची की ठेवायची, याला एक कसोटी पुरते: तिने वस्तूच्या कामात अडथळा येतो का? फाटलेल्या घडीने आला असता, म्हणून ती दुरुस्त केली. तिरक्या कोपऱ्याने येत नाही. कसोटी आधीच ठरलेली असली की ऐन वेळी वाद घालावा लागत नाही, आणि चांगले काम अतिसुधारणेने बिघडत नाही.

१९ जानेवारी: गठ्ठा आवरणात

अस्तराच्या खाली फालतू कागद, पट्ट्या आणि जाळीचे कापड अस्तरावर सपाट, मग खळ मधून कडेकडे. फालतू कागद लगेच काढून टाकायचा. तो विसरला तर पहिली दोन पाने खळीने माखतात. पुठ्ठा वरून बंद करायचा. उघडून बघायचा मोह आवरायचा, कारण ओले अस्तर ताणले जाऊन बिजागरीत कायमची सुरकुती बसते. दुसरी बाजू तशीच. प्रत्येक अस्तराच्या आत मेणकागद आणि एक टिपकागद, बिजागरीच्या फटीत दोन्हीकडे विणायच्या सुया बसवून फळ्यांमध्ये सहा किलो.

टिपकागद अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि झोपायच्या आधी बदलला.

२० आणि २१ जानेवारी

वही दाबाखाली. काम नाही.

सुकण्याचा वेळ वेळापत्रकात वेगळा लिहून ठेवावा, नाहीतर तो ‘काही झाले नाही’ या खात्यात जातो आणि माणूस चोवीस तासांऐवजी सहा तासांत वजन उतरवतो. वरून कोरडे लागते, आत पुठ्ठ्याने पाणी धरून ठेवलेले असते. ते नंतर हवेत निघते तेव्हा पुठ्ठा वाकतो. या प्रकल्पात हात चालले ते सगळे मिळून नऊ-दहा तास. बाकी सगळा वेळ वजनाने, हवेने आणि खळीने काम केले.

२२ जानेवारी: तपासणी

पुढचा पुठ्ठा सपाट. मागचा समोरच्या कडेशी सुमारे २ मिमी बाहेर वाकला आहे. कारण स्पष्ट आहे: चिकटवलेला कागद किंवा कापड सुकताना आखडते आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. बाहेर कापड, आत अस्तर, दोघांची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ. मागच्या अस्तराला खळ कमी लागली, ते पुरेसे पसरलेच नाही, म्हणून आखडलेही कमी आणि कापड जिंकले. उपाय: अस्तराच्या बाजूला किंचित ओलसर टिपकागद दहा मिनिटे, मग दोन दिवस दाबाखाली. पुढच्या वेळी दोन्ही अस्तरांना खळ लावल्यावर घड्याळात बघून सारखाच वेळ, एक मिनिट, थांबायचे.

वही मध्यावर उघडली तर हात न लावता पडून राहते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वह्यांत हे होत नाही, कारण तिथे प्रत्येक पान कड धरून उभे असते. इथे ते घडीवर वळते.

२४ जानेवारी: पहिले पान

मागचा पुठ्ठा सरळ झाला.

शेवटच्या पानावर शाईची चाचणी: पेन्सिल, बॉलपेन, दोन जातींची फाउंटन पेनची शाई, प्रत्येकी तीन ओळी आणि एक ठिपका पाच सेकंद टेकवून. कागदावर खळीसारखा लेप कमी असेल तर पातळ शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि अक्षराला पाय फुटतात. इथे बारीक निबेने रेघ स्वच्छ, जाड निबेने पाठीमागे सावली, ठिपका आरपार. म्हणजे बारीक निब किंवा पेन्सिल.

हाताने केलेली वही कोरी राहण्याचा धोका मोठा असतो. पहिल्या पानावर चांगलेच काहीतरी हवे असे वाटते, आणि चांगले काही येईपर्यंत ती कपाटात थांबते. म्हणून पहिले पान आजच कामाला लावले. त्यावर अनुक्रमासाठी चौकट आखली, सगळी पृष्ठे क्रमांकित केली, आणि दुसऱ्या पानावर या वहीची मापे, कागदाचे वजन, दोऱ्याची जाडी, खळीचे प्रमाण आणि चौथ्या जुजातल्या ठिगळाची जागा लिहिली. क्रमांक घालताना मधल्या एका पानावर ७३ दोनदा पडला. दुसऱ्याला ७३अ केले.

दुसऱ्या वहीसाठी बदल तीन: दोरा ०.३५ मिमी, जुजात चाराऐवजी पाच ताव म्हणजे आठच जुज, आणि अस्तराचा ग्रेन पुन्हा एकदा ओला करून तपासणे. मापे तीच, कापड तेच. भोकांचा नमुना-कागद शेवटच्या पानात ठेवला.